शनिवारचं स्वस्त तिकीट

"सात किलो सहाशे! सहाशे ग्रॅम काढ!"

बाबांनी लटकता काटा डोक्याच्या वर धरला होता आणि त्याला हरिओमची सॅक लोंबकळत होती.

"बाबा, सहाशे ग्रॅमनं काय विमान पडतं का?" हरिओम कळवळून म्हणाला.

"विमान पडत नाही, दंड पडतो! आपलं तिकीट हातातल्या सात किलोंचं आहे. ते बूट काढ आधी!"

"मग थीम पार्कात काय अनवाणी फिरू?"

"पायात घाल! पायातल्याचं वजन कुणी करत नाही."

त्याची तेरा वर्षांची ताई, योगिता, खुदकन हसली. तिचे बाबा, भागवतराव, केजच्या बाजारात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवायचे. एक थेंब पाणी वाया जाऊ नये हा त्यांचा धंदा, आणि एक रुपया वाया जाऊ नये हा स्वभाव. दोन वर्षं पै-पै जोडून त्यांनी मलेशियातल्या थीम पार्कची सहल ठरवली होती. तिथं व्हिसाचा खर्च नाही, म्हणून मलेशिया. विमान हैदराबादहून स्वस्त, म्हणून हैदराबाद. तिकीट शनिवारचं सगळ्यांत स्वस्त, म्हणून शनिवार! आज गुरुवार होता, आणि योगिताचा पाय पहाटेपासून घरात ठरत नव्हता. शाळेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा तिला इतकी धाकधूक झाली नव्हती.

"योगे, तो ऑनलाइन फॉर्म आज भरून टाक गं," मोटारसायकलला किक मारत बाबा म्हणाले. "पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतो. फॉर्म नाही तर प्रवेश नाही!"

बाबा दुकानात गेले. आई, म्हणजे उज्ज्वलाताई, सकाळच्या एसटीनं खरेदीला गेल्या होत्या. योगितानं आईचा जुना मोबाइल घेतला, फॉर्म उघडला. पहिलाच रकाना, पासपोर्ट नंबर! तिनं कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि ती बघतच राहिली.

डबा रिकामा होता. पाचही पासपोर्ट गायब! तळाशी फक्त हळद लागलेले चार-पाच तांदूळ पडले होते.

तिनं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. झाकण लावल्यानं कधी पासपोर्ट परत येतात का! तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते, आणि नवे पासपोर्ट दोन दिवसांत मिळणं म्हणजे निव्वळ स्वप्न. दोन वर्षांत बाबांनी स्वतःसाठी एक नवा शर्टसुद्धा घेतला नव्हता. ते आठवून योगिताला रडूच यायला लागलं.

पण रडायला वेळ होता कुठे? तिनं शेजारच्या प्रियदर्शनीला हाक मारली. प्रियदर्शनी तिच्याच वर्गातली. आवाज असा की एक हाक मारली तर अख्खी गल्ली 'ओ' देईल.

"चोरी!" हरिओम डोळे विस्फारून म्हणाला. "नक्की चोरी!"

"चोर हळदीचे तांदूळ टाकून जातो कशाला?" प्रियदर्शनीनं डबा नाकाशी धरला. "चोर आहे की भटजी? आणि बाजूलाच तुझ्या आईची सोन्याची कानातली फुलं तशीच आहेत की!"

"म्हणजे घरातलंच कुणीतरी," योगिता हळूच म्हणाली.

तिघांनी एकदमच ओसरीकडे पाहिलं. आजी, मुक्ताबाई, सूप घेऊन बसली होती. सुपातले तांदूळ ती सकाळपासून तिसऱ्यांदा निवडत होती. शेजारी चहाचा कप होता, वर साय धरलेली. आजी आणि चहा थंड होऊ देणार? गावात असं कधी घडलं नव्हतं! शिवाय सकाळी ती भाकरी घेऊन शेतात गेली होती आणि भाकरी तशीच घेऊन परत आली होती.

योगिता तिच्यापुढे जाऊन बसली. "आजी, पासपोर्ट कुठे आहेत?"

सूप आजीच्या हातातून निसटलं. तिचे डोळे भरून आले.

"बाबाला सांगू नकोस गं माय! अडाणी म्हणल मला."

मग सगळं बाहेर पडलं. शनिवारी पूर्वेला जाऊ नये, दिशाशूल असतो, असं आजी आठवडाभर सांगत होती. बाबा हसून म्हणाले होते, "आई, शनिवारचं तिकीट स्वस्त आहे!" तेव्हा आजीनं आपला तोडगा काढला. तिनं गुपचूप प्रस्थान ठेवलं. चांगल्या दिवशी निघणं जमत नसलं, तर जाणाऱ्याची एखादी वस्तू त्या दिवशी जायच्या वाटेवर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. ती वस्तू घरी परत आणायची नाही, निघताना वाटेत उचलायची.

"पण मग रुमाल ठेवायचा, टोपी ठेवायची! पासपोर्ट कशाला?" हरिओम ओरडला.

"तुझा बापच म्हनला हुता की! 'आई, ही निळी वही म्हंजी आपुनच. ही गेली की आपुन गेलो.' मग म्या म्हनलं, ह्याच्यापरीस चांगलं काय असंल? पाची जणांचे फोटू बी हायेत. काल, बुधवारी, नेऊन ठिवल्या मनकर्णापशी."

मनकर्णा धनगरीण आजीची जिवाभावाची मैत्रीण. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी खतासाठी मेंढ्या आपल्या रानात बसवतात. मनकर्णाचा कळप गेले चार दिवस योगिताच्याच पूर्वेकडच्या शेतात बसला होता.

"मग चला, घेऊन येऊ!" प्रियदर्शनी उठलीच.

"कुठून आनता?" आजी पदर डोळ्यांना लावत म्हणाली. "सकाळी भाकर घेऊन गेलते. रान मोकळं! तळ हलला, पोरींनो. शनवारपतूर ऱ्हातील असं वाटलं हुतं मला. फोन बी बंद हाय त्यांचा."

घ्या! पाच पासपोर्ट दोनशे मेंढ्यांबरोबर बालाघाटाच्या डोंगरात चरायला निघाले होते!

दहा मिनिटांत दोन सायकली धारूरच्या रस्त्याला लागल्या. योगिताच्या मागे हरिओम, प्रियदर्शनी एकटी. मे महिन्याचं ऊन नऊ वाजताच चटके द्यायला लागलं होतं. शेतात तीन दगडांची चूल आणि लेंड्यांचा सडा तेवढा उरला होता. हरिओमनं राखेत बोट घातलं आणि किंचाळून काढलं.

"गरम आहे! म्हणजे फार लांब गेले नाहीत!"

"वा रे शोधक! बोट भाजून शोध लावणारा पहिलाच," प्रियदर्शनी म्हणाली.

मेंढ्यांच्या खुरांच्या मागावर ते निघाले. अर्ध्या तासानं वाट फुटली. डावी ओढ्याकडे, उजवी डोंगराच्या पायथ्याला. आणि नेमकी तिथं जमीन दगडी. खूर उमटतील कसे? योगिता एका वाटेवर वीस पावलं जायची, परत यायची, दुसऱ्या वाटेवर जायची. चुकीची वाट धरली तर दिवस गेला! तिला एका जागी उभंच राहवेना.

"ताई, थांब की जरा!" हरिओम म्हणाला. "त्या बाभळी बघ. डावीकडच्या बाभळींना शेंगाच शेंगा आहेत. आणि उजवीकडच्या?"

उजवीकडच्या बाभळींच्या खालच्या फांद्या पार मोकळ्या होत्या. मेंढ्यांना शेंगा लई आवडतात, आणि धनगर आकडीच्या काठीनं त्या पाडत पाडत पुढे जातात. मोडलेल्या डहाळ्यांची पानंसुद्धा अजून सुकली नव्हती.

"शाबास रे भाजक्या बोटा!" प्रियदर्शनीनं त्याच्या पाठीत असा धपका घातला की तो कळवळलाच.

पायथ्याच्या घळीत मेंढ्या सावलीला उभ्या होत्या. कुत्रं धावून आलं. पाठोपाठ मनकर्णा आली. उंच, उन्हानं रापलेली, हातात काठी.

"आरं, मुक्ताक्काची लेकरं! इतक्या उन्हाचं?"

"मावशी, आजीचं गाठोडं!" योगिताला धाप लागली होती. "द्या लवकर. घरी न्यायचंय."

मनकर्णाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "न्हाई देनार."

"अहो, ते आमचंच आहे!"

"तुमचंच हाय. पर त्ये पस्तान हाय. मुक्ताक्कानं सांगितलंय, 'शनवारी वाटंत म्या सोता घेईन, तवर कुनाला देऊ नको.' पस्तान घरला माघारी न्हेलं तर जानाऱ्याच्या वाटंत इघ्न येतं. शबुद दिलाय म्या."

"पण आमचं विमान चुकेल ना!" हरिओम रडवेला झाला.

"तुमचा बाप येऊ दे, न्हाईतर पाटील येऊ दे. न्हाई म्हंजी न्हाई."

योगितानं आजीला फोन लावायचा प्रयत्न केला. घळीत रेंज कसली! क्षणभर तिला वाटलं, मनकर्णामागे उभ्या असलेल्या घोड्याच्या खोगिराला बांधलेलं ते लाल गाठोडं हिसकावून पळावं. पण मनकर्णा काही आडमुठेपणा करत नव्हती. दिलेला शब्द पाळत होती. असं राखणारं माणूस भेटलं, हे खरं तर नशीबच! योगिता येरझाऱ्या घालायला लागली, आणि चौथ्या फेरीला थबकली.

"प्रियू! आज आपल्याला लागतं काय? फॉर्ममध्ये वही लागत नाही. नंबर लागतो!"

"मग?"

"मावशी, गाठोडं तुमच्याच मांडीवर राहू दे. फक्त उघडा. मी फोटो काढते, तुम्ही परत बांधा. मग तर शब्द मोडत नाही ना?"

मनकर्णानं विचार केला. मग खोगिरावरून गाठोडं काढलं, मांडी घालून बसली आणि गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि पाच निळे पासपोर्ट. ती एकेक पान उघडून धरत गेली, योगिता फोटो काढत गेली.

"ह्यो कोन बिनदाताचा?"

"तो मीच!" हरिओम ओशाळला.

फोटो झाले. मनकर्णानं गाठ मारली. "शनवारी दिस कासराभर वर आला की धारूर फाट्यावर उभी असंल म्या. मुक्ताक्काला सांग."

फॉर्म दुपारीच भरून झाला. पण योगिताचा जीव काही थाऱ्यावर येईना. बाबांना सांगावं, की गप्प बसावं? संध्याकाळी आजीनंच तो प्रश्न सोडवला. बाबांपुढे उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं.

"मेंढ्यांबरोबर?" बाबांचा आवाज चिरकला. "माझे पासपोर्ट मेंढ्यांबरोबर? आणि योगे, तू डोळ्यांनी बघून तसेच ठेवून आलीस?"

"त्या येणार आहेत, बाबा. दिवस कासराभर, म्हणजे बैलाच्या दोरीएवढा, वर आला की."

"कासराभर म्हणजे किती वाजता? घड्याळात कुठे असतो कासरा?"

उज्ज्वलाताईंना हसावं की रडावं कळेना. शुक्रवारी बाबा स्वतः मोटारसायकल घेऊन डोंगर पालथा घालून आले. पँटीला कुसळं, तोंडाला धूळ. "तळ पुन्हा हलला! कुणाला पत्ता नाही!" आणि मग जेवायचं सोडून अंगणात फेऱ्या. योगिता खिडकीतून बघत होती. हे सगळं आपल्यामुळे होतंय, असं तिला वाटत होतं. मावशी आल्याच नाहीत तर? 

शनिवारी सात वाजता अमरसिंहकाकांची भाड्याची जीप धारूर फाट्यावर थांबली. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं.

सव्वासात. साडेसात. बाबा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला चालत होते. "दहा मिनिटं! फक्त दहा मिनिटं थांबतो, मग सरळ पोलीस ठाणं!"

"ती येती," मोरीच्या कठड्यावर बसलेली आजी शांतपणे म्हणाली.

योगिता बाबांशेजारी जाऊन उभी राहिली. "बाबा, त्यांनी मलासुद्धा गाठोडं दिलं नाही. मग दुसऱ्या कुणाला देतील?"

बाबांच्या फेऱ्या थांबल्या. तेवढ्यात हरिओम जीपच्या टपावरून ओरडला, "आल्या! त्या बघा आल्या!"

डोंगराच्या पाऊलवाटेनं एकटीच मनकर्णा झपाझप येत होती. डोक्यावर लाल गाठोडं, पायात एकच चप्पल, दुसरीचा अंगठा तुटून ती हातात. ती थेट आजीपुढे आली आणि गाठोडं तिच्या ओंजळीत ठेवलं.

"घे मुक्ताक्का. परवा रातच्याला वरच्या गावातून बलावणं आलं, तळ पार घाटावर न्यावा लागला. म्हनून उशीर झाला."

बाबांनी गाठ सोडली. एक, दोन, तीन... पाच! मोजून झालं, आणि मग मोजल्याचीच त्यांना लाज वाटली.

"घाटावरून? चालत? कधी निघालात?"

"कोंबडं आरवायच्या आदी. येते म्हनलं हुतं ना लेकीला?"

बाबांनी हात जोडले. मग योगिताकडे वळून पाचही पासपोर्ट तिच्या हातात ठेवले.

"परत येईपर्यंत हे तुझ्याकडे राहतील. मी असतो तर ते गाठोडं ओढून आणलं असतं आणि दोन माणसं दुखावली असती. तू काम पण केलंस आणि कुणाचा शब्दही मोडू दिला नाहीस. शहाणी गं माझी पोर! आणि हरिओम, तुझं ते बाभळीचं डोकं मला दुकानात लागणार आहे बरं का!"

"सहाशे ग्रॅम जास्त आहे ते!" हरिओम म्हणाला, आणि सगळे हसले.

योगिताला मात्र हसता हसता डोळे पुसावे लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे पाय एका जागी ठरले होते.

मनकर्णा तुटकी चप्पल सावरत परत निघाली. बाबांनी घड्याळ पाहिलं, अमरसिंहकाकांकडे पाहिलं, आणि घरच्यांनी कधी ऐकलं नव्हतं असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"अमरसिंह, गाडी आधी घाटावर घे. विमान रात्रीचं आहे, आणि डिझेलचं काय होईल ते होईल. मावशी, बसा पुढं!"

"म्या? ह्या गाडीत?" मनकर्णा मागे सरकली. "न्हाई बाबा! घाटात पोटात गोळा येतो म्हनं!"

"त्याच्यासाठीच तर आम्ही मलेशियाला चाललोय!" योगिता तिचा हात धरून म्हणाली.

जीप घाटाला लागली. पहिल्या वळणाला मनकर्णा किंचाळली, दुसऱ्याला तिनं आजीचा दंड घट्ट धरला, आणि तिसऱ्याला ती इतकी खळखळून हसली की अमरसिंहकाकाही हसायला लागले.

"आनिक येक वळान हाय का रं?" तिनं विचारलं.