डावा गुडघा

लंबटांग्या तोंडावरच आपटला असता, पण त्याला तोंड नव्हतं. दोन पाय, वर कंबर आणि कंबरेवर बॅटरीचा डबा, एवढाच त्याचा संसार. धावायची आज्ञा मिळताच त्याने काही ढांगा टाकल्या आणि कुशीवर कोसळला.

"घातपात आहे हा," कारखान्याचा मालक म्हणाला. "शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. त्याच्यासमोर हा यंत्रमानव धावला नाही, तर कारखान्याला कुलूप लागेल. ज्याने हे केलं त्याला मी हाकलणार. मग तो कुणीही असो."

हे तो बाईंना सांगत होता. बाई खासगी डिटेक्टिव्ह होत्या. सोबत त्यांचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची ट्यूब जरा उशिरा पेटायची, पण ते बाईंची पिशवी कधी विसरत नसत.

बाई लंबटांग्याशेजारी बसल्या. डाव्या गुडघ्याचा नट कुणीतरी आवळला होता, त्यामुळे पाय पुरता वाकत नव्हता. कंबरेला उजव्या बाजूने शिशाचा तुकडा पट्ट्याने नीट बांधला होता. डाव्या तळव्याचं रबर बाहेरच्या कडेला झिजलं होतं.

"चाचणी आत्ताच व्हायची होती?"

"नाही, दुपारी. पण मला राहवेना. सकाळीच आलो आणि कुणाला न सांगता सरळ धाववला."

"राहता कुठे?"

"वरच. आई, मी आणि धाकटी बहीण. गिऱ्हाइकांकडे फिरून मी घरी पोचतो तोवर दोघी झोपलेल्या असतात." त्याने वर छताकडे पाहिलं. "बाबा गेल्या वर्षी गेले. मी परदेशात होतो. फोनवर विचारलं की म्हणायचे, मी ठणठणीत आहे, तू तुझं बघ. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईला आता विसर पडतो. ते आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून ताट बाजूला सारायची. हल्ली जेवायला लागलीय, एवढीच काय ती चांगली बातमी."

बाईंनी आधी मिस्त्रीला गाठलं.

"मालकांनी परवा मला चारचौघांत झापलं, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "नट आवळायचा पाना माझाच आहे. पण पेटीला कुलूप नसतं."

प्रोग्रामर चष्मा पुसत राहिला. "मला दुसरीकडून बोलावणं आलंय, खरंय. पण माझं यंत्र पडलं तर तिथे मला कोण विचारणार, बाई?"

बहिणीला सगळे छोटी म्हणत. लंबटांग्याचे पाय तिने घडवले होते. ती मान वर करेना. "नट मीच बघायला हवा होता. चूक माझी आहे."

"काल तुम्ही केव्हा गेलात?"

"संध्याकाळी. आई वर एकटी होती."

"पैज लावतो, हे प्रोग्रामरचंच काम," मास्तर कुजबुजले.

"अहो, तुमच्या पैजेवर घर चाललं असतं तर! चला, वर जाऊ."

मालाच्या लिफ्टने दोघं वर गेले. लांब लाकडी पॅसेज होता. मास्तर भिंतीलगत गुंडाळलेल्या जाड गालिच्याला अडखळले.

"अगं, एवढ्या थंडीत गालिचा कुणी काढून ठेवतं?"

"हाच प्रश्न लक्षात ठेवा."

टोकाच्या दाराशी पुरुषी बुटांचा एक जुना जोड होता, पॉलिश केलेला. बाईंनी डावा बूट उलटा केला. सोल बाहेरच्या कडेला झिजला होता.

आतून म्हातारीने हाक मारली. "बसा ना. दिवेलागणीला येतील हे. काल तर मीच त्यांच्या पट्ट्याला धरून दारापर्यंत आणलं."

मास्तरांना भरून आलं. "बिचारीला काहीच कळत नाही," ते म्हणाले. बाईंनी बूट पुन्हा जागेवर ठेवला.

संध्याकाळी सगळे लंबटांग्याभोवती जमले.

"ज्याला मोडायचं असतं तो मोडून मोकळा होतो," बाई म्हणाल्या. "इथे पाय आखडला आणि तोल जाऊ नये म्हणून शिसंही बांधलं. म्हणजे यंत्र पडू नये, लंगडत चालावं, अशी इच्छा होती. ते धावायच्या आधी नट सैल करायचा बेत होता. तुम्ही घाई केलीत, मालक."

"पण लंगडत कशाला चालवायचं?"

"तळव्याचं रबर तुमच्या वडिलांच्या बुटासारखं झिजलंय. लाकडावर पावलं वाजावीत म्हणून वर गालिचा गुंडाळलाय. आई जेवायला लागल्या, कारण दिवेलागणीला त्यांना कुणाची तरी पावलं ऐकू येतात. मिस्त्री आणि प्रोग्रामरला घरात कोण सोडणार? आणि वडिलांची चाल त्यांना इतकी कुठून पाठ असणार?"

मालकाने बहिणीकडे पाहिलं.

"रोज खाली आणून नट सैल करायचे, दादा," छोटी म्हणाली. "काल आई बाहेर आली. पट्टा धरून त्याच्याबरोबर चालली, म्हणाली, किती उशीर केलात. तिला निजवताना मलाच इतकं रडू आलं की नट राहून गेला. शुक्रवारी तो धावेल, नट तेवढा सैल करायचाय. मला हाकलायचं तर हाकल."

"बाबा लंगडत होते?"

"शेवटची तीन वर्षं. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. तू सगळं सोडून आला असतास."

तो लंबटांग्याच्या डाव्या गुडघ्यापाशी वाकला. मग म्हणाला, "मला ऐकायचंय."

लंबटांग्याला वर नेलं. मालक आईच्या पलंगाशी बसला. बाहेर पावलं सुरू झाली. उजवं ठाम पडायचं, डावं जरा घासत यायचं, मग उजवं. आईने ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला.

पावलं दाराशी थांबली. मालकाचा चेहरा ओला झाला होता.

"छोटी, पुन्हा एकदा," तो म्हणाला. "मी हे कधी ऐकलंच नाही गं. पुन्हा चालव."

पावलं पॅसेजच्या टोकाला गेली आणि परत आली. मास्तरांनी बाईंच्या पिशवीतून बाईंचाच रुमाल काढून डोळे पुसले.

"अजून एकदा."

आईने हातातला घास ताटात ठेवला.

"पुरे की रे," ती म्हणाली. "किती चालवतोस त्यांना? पाय दुखतो त्यांचा."

मालक उठला. त्याने खोलीतली खुर्ची दाराशी नेली आणि लंबटांग्याला दोन्ही हातांनी धरून हळूच बसवलं.