टाकीतलं पाणी कोण पळवतं?

"तुटलाय," गोटी जमिनीवर पालथा पडून म्हणाला. "ताई, तुझा केस तुटलाय."

टिकलीने वेणीतला एक लांब केस सकाळी जाळीच्या टोकापासून टाकीच्या कडेपर्यंत ताणून बांधला होता. आता संध्याकाळी त्याचे दोन तुकडे लोंबत होते.

"म्हणजे जाळी दिवसाउजेडी उचलली गेली," प्रोफेसर चष्मा सारखा करत म्हणाला. तो टिकली-गोटीचा मावसभाऊ. सगळ्यांना सगळं समजावून सांगायची त्याला भारी खोड, म्हणून हे नाव. त्याची आई हवामान केंद्राची प्रमुख होती आणि तिघांची सुट्टी त्या केंद्राच्या आवारातच चालली होती.

जाळी होती आवारातल्या गोल, उघड्या टाकीवरची. केंद्रात काम करणारा दादा रोज सकाळी टाकीतलं पाणी किती उतरलं ते मोजायचा आणि मापाने ओतून पुन्हा खुणेपर्यंत भरायचा. जेवढं उतरलं तेवढं ऊन-वाऱ्याने वाफ होऊन उडालं. गावाच्या तलावातलं किती पाणी उन्हाळ्यात असं उडून जाईल, हे त्याला त्यावरून काढायचं होतं. परवा काही मोठे शास्त्रज्ञ त्याचं हे काम ऐकायला येणार होते. त्यांना पटलं, तर त्यांच्या संशोधन गटात त्याला जागा मिळणार होती.

आणि नेमकं आता पाणी भलतंच उतरू लागलं होतं. मोजताना तुझंच काही चुकत नाही ना, असं मावशीने दादाला विचारलं होतं. त्या दिवशी तो धड जेवला नव्हता.

कुणीतरी पाणी पळवतंय, हे पहिल्यांदा टिकलीच म्हणाली. चोर सापडावा असं तिला इतर दोघांपेक्षा जास्त वाटत होतं. सुट्टीच्या सुरुवातीला, दुपारी सगळे आडवे झाले की ती जाळी काढून ठेवायची. पाखरं जाळीतून चोच खुपसायला धडपडत, ते तिला बघवत नसे. पाखरं नुसती पीत नसत, पाण्यात उतरून पंख झाडत. ऊन कलल्यावर ती जाळी होती तशी ठेवायची. पुढे दादाचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तिने ते बंद केलं. सांगितलं मात्र नाही. त्यानंतरही पाणी उतरतच राहिलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. मग मी नव्हेच, असं तिने मनाला बजावलं. मन ऐकत नव्हतं.

"एक विचारू?" गोटी म्हणाला. "नळाची पाइपलाइन फुटलीय. आपल्याला आंघोळीला अर्धी बादली. मग केंद्राची जीप कशी रोज चकाचक?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे अवजारांच्या खोलीमागे दबा धरून बसले. जीप चालवणारे काका आले, इकडेतिकडे बघून त्यांनी जाळी उचलली आणि बादली बुडवली. तेवढ्यात गोटी पळत जाऊन जीपमध्ये चढला आणि भोंगा दाबून बसला. मावशी आणि दादा धावत बाहेर आले. काका भरल्या बादलीसकट तसेच उभे.

"मॅडम, हे पाणी उडूनच जातं म्हणतात," काका चाचरत म्हणाले. "मी आपलं उडायच्या आधी घेतलं."

प्रोफेसरला हसू आवरेना. पण नळ बंद पडायच्या आधी आपण टाकीला हात लावला नाही, असं काका शपथेवर सांगू लागले, तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. निदान खोटं तरी बोलू नका, असं मावशीने त्यांना सुनावलं. दादाने गोटीला खांद्यावर घेतलं. सुट्टी लागल्यापासूनच्या सगळ्या आकड्यांतून आता रोजची एक बादली वजा करतो, म्हणाला. तिघं खरे संशोधक शोभता, असं मावशी म्हणाली आणि टिकलीच्या पाठीवरून हात फिरवला. टिकलीला तो हात नकोसा झाला.

संध्याकाळी दादा शीळ घालत कॉम्प्युटरवर आकडे दुरुस्त करत होता. टिकली दारात उभी राहिली.

"दादा, काका खरं बोलतायत. आधीचं मी केलं."

तिने सगळं सांगितलं. शीळ थांबली.

"पाखरांनी किती पाणी उडवलं असेल?"

"माहीत नाही."

"मग ते वजा कसं करणार?" त्याने ते सगळे दिवस पडद्यावरून काढून टाकले. आलेखात मोठं भगदाड पडलं.

"तुझी जागा जाईल?"

"जाऊ शकते," दादा म्हणाला. तो रागावला नाही, पण तिची समजूतही घातली नाही. एवढंच म्हणाला, "काकांना तू सांगतेस की मी सांगू?"

"मीच सांगते."

काका चाक बसवत होते. टिकलीचं ऐकून ते मावशीकडे गेले नाहीत की कुरकुरले नाहीत. "माझी बादली माझीच," म्हणाले, "पण तेवढीच." टिकलीच मावशीला घेऊन आली आणि मावशीने सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांमधल्या वयस्कर बाईंनी पहिला प्रश्न आलेखातल्या त्या भगदाडाचाच विचारला. दादाने पाखरं आणि बादली, दोन्ही सांगून टाकलं. हे कळलं कसं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. टिकली कानापर्यंत लाल होऊन उभी राहिली.

"बरं झालं बोललीस," बाई म्हणाल्या. "नाहीतर हे चुकीचे आकडे आम्ही खरे धरले असते, आणि गावाने पाण्याचा हिशेब त्यावर मांडला असता." मग त्या दादाकडे वळल्या. "जागा आत्ताच देत नाही. अजून एक उन्हाळा मोजा. मग या."

दादाने मान हलवली. बाहेर पडताना टिकली त्याच्या शेजारून खाली बघत चालत होती.

"एक वर्ष गेलं ना तुझं?"

"गेलं," दादा म्हणाला. पुढे जाऊन तो थांबला आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. "पुढच्या सुट्टीत येशील ना? सकाळी मोजायला दोन डोळे कमीच पडतात."