पाच लाल टिंबं

बुधवार आला की मृणालिनीची कळी खुलायची. सकाळची मेट्रो, झुइडओस्ट या डच उपनगरातल्या दहा मजली इमारतीतला सहावा मजला आणि दार उघडताच येणारा मोहरीच्या तेलाचा वास. भादुरींच्या घरातून 'नोंगर' हे बंगाली साप्ताहिक अठ्ठावीस वर्षं निघत होतं, तेही जेवणाच्या टेबलावरून. त्यामुळे जेवायला सगळ्यांनी स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसायचं. निरुपमदा भादुरी बातम्या लिहायचे, त्यांची बायको शर्बरीदी टाइप करायची आणि मृणालिनी कॉम्प्युटरवर पानं लावायची.

गंमत म्हणजे या बाईला बंगालीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी पुणं सोडल्यावर दोन वर्षं तिने घरात भिंतींशी गप्पा मारल्या होत्या. त्यातच वडील, वासुदेवराव, गेले आणि तिला वेळेवर पोचता आलं नाही. ते छापखान्यात प्रूफं तपासायचे. कानामागे कायम लाल पेन्सिल. त्यांच्यामुळे प्रूफाच्या खुणा तिला लहानपणापासून पाठ होत्या. या कामाने तिला पुन्हा माणसांत आणलं.

दुपारी टेबलावर प्रूफ ठेवून सगळे जेवायला जात. परत येईतो त्यावर लाल खुणा झालेल्या असत. आतल्या खोलीतले म्हातारे आजोबा, दादू, तपासून जातात, असं तिने धरून चाललं होतं. खुणेतलं अक्षर बंगाली कीबोर्डच्या तक्त्यावर शोधायचं आणि ती की दाबायची. तीन वर्षं तिचं हे सुखात चाललं होतं.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये वर्धापनदिनाचा अंक होता. निरुपमदांनी संपादकांच्या चौकटीत तिचं नाव घातलं.

"पहले हर अंक में बीस गलती रहता था," ते कौतुकाने म्हणाले. "आप आया, एक भी नहीं. इतना अच्छा बांगला कब सीखा?"

"प्रूफ तो दादू देखते हैं ना?"

शर्बरीदीचा हात थांबला. "दादू? उनको तो चार साल से दिखता नहीं."

मान डोलावली असती तर नाव छापलं गेलं असतं. पण प्रूफं तपासणाऱ्याची मुलगी ती. चूक दिसत असताना तिला गप्प बसवेना. तिने सगळं सांगून टाकलं. निरुपमदा आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी निळ्या पेनाने तिचं नाव खोडलं.

"पाठकों से झूठ नहीं बोल सकता. काम का भी... सोचना पड़ेगा."

मृणालिनीला आपलं घर आठवलं. पुन्हा त्या भिंती.

त्या दिवशी जेवताना, खात्री करायला म्हणून, शर्बरीदीने दादूंनाही हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. प्रूफ टेबलावरच ठेवून बाहेरच्या दाराला साखळी लावली. चौघं जेवत होते.

पलीकडे टेबलावर कागद सरकल्याचा आवाज झाला.

दादूंनी मान वर केली. "के?" कोण, एवढंच त्यांनी विचारलं.

शर्बरीदीने ताट बाजूला सारलं.

मग सगळेच उठले. टेबलापाशी कुणी नव्हतं. दाराची साखळी जागेवर होती. प्रूफावर नेहमीसारख्या लाल खुणा होत्या, आणि खोडलेल्या नावाखाली पाच टिंबं.

"ये क्या है?" शर्बरीदीने विचारलं.

मृणालिनीला माहीत होतं. खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा असला की प्रूफात त्याच्या खाली टिंबं देतात. पाचवं टिंब मात्र भरलेलं नव्हतं. बारीकसं वर्तुळ होतं. असं फक्त एकच माणूस काढायचा.

निरुपमदांनी दाराच्या साखळीकडे पाहिलं, मग टिंबांकडे. "ठीक है," ते हळूच म्हणाले. "नाम रहेगा. आप भी."

नाव तसंच ठेवून ती बाकीच्या दुरुस्त्या करायला बसली. तेव्हा कीबोर्डपाशी तिला ती दिसली, त्या घरात कुणीच कधी न पाहिलेली, आखूड झालेली लाल पेन्सिल. तिने ती उचलली.

पेन्सिल कोमट होती, आत्ताच कानामागून काढल्यासारखी.