चंद्रावरचा मावा

चंद्रावरच्या वसाहतीत पिकांना कीड नव्हती, याचं श्रेय डॉ. इरावती खांडबहाले यांना जायचं. बियाणं, पाणी, माणसांचे कपडे, सगळं त्यांच्या शुद्धिदालनातून गेल्याशिवाय धुकेशेतीत येत नसे. तिथे पिकांची मुळं हवेत लोंबत आणि पोषक धुक्यावर पोसली जात. पानावर ना ठिपका, ना भोक. दृष्ट लागावी असं पीक.

तरीही माणसं वाळत चालली होती.

"अर्धं ताट टाकून उठतात," वसाहतीचे डॉक्टर फिरोज मुलाणी म्हणाले. "आजार म्हणावा तर नाही. अन्न घशाखाली उतरत नाही म्हणतात. असंच चाललं तर वसाहत बंद करावी लागेल."

"पोषण कमी नाही. मी स्वतः तपासलंय."

"पोषणाची तक्रार कुणाचीच नाही, बाई. पण शेवटच्या वाफ्यातला मुळा मात्र पुरत नाही. त्यावर उड्या पडतात."

इरावतीबाई चमकल्या. दोघं तडक त्या वाफ्याकडे गेले. पानं आकसलेली होती, हाताला चिकट लागत होती. बाईंनी एक पान उलटं केलं. खाली हिरव्या ठिपक्यांची दाटी होती.

"मावा!" त्यांचा आवाज चिरकला. "नव्या रोपांबरोबर एखादी मादी शुद्धिदालनातून निसटून आली असणार. एक पुरते. तिला नर लागत नाही, थेट पिल्लंच होतात. सोंड खुपसून रस पितात, वर चिकट पाझर सोडतात. त्यावर काळी बुरशी धरते नि पान उजेडाला मुकतं."

नियम साधा होता, वाफा जाळायचा. बाईंनी बटणाकडे हात नेला, पण उड्या कशावर पडतात ते तरी बघावं, म्हणून एक मुळा उपटून चावला. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांतून पाणी. शेजारच्या निरोगी वाफ्यातला खाल्ला. नुसतं पाणी.

"डॉक्टर, मुळा तिखट कुणासाठी होतो?"

"खाणाऱ्यासाठी. म्हणजे आपल्यासाठी."

"नाही हो. तिखटपणा त्याचं हत्यार आहे. कीड लागली की तो ते परजतो. इथे शत्रूच नाही, तर हत्यार कशाला परजेल? चव मीच बाहेर ठेवली."

"मग सोडा मावा सगळीकडे!"

"पीक घटेल. हत्यारात झाडाची ताकद जाते, शिवाय मावा रस पितो तो वेगळाच. तिसरा हिस्सा तरी जाईल."

"आज अर्धं ताट फेकलं जातंय, बाई."

इरावतीबाईंनी बटणावरचा हात काढला. मग त्यांनी किडकी पानं खुडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती निरोगी पिकावर ठेवली.

पुढच्या हंगामात पीक ओंगळ दिसू लागलं. मुळे बारीक निघाले, मोहरीची पानं वाकडी झाली. पण ताटं लख्ख होत होती, कोशिंबिरीच्या शेवटच्या घासावरून भांडणं होत होती, आणि डॉक्टरांच्या काट्यावर वजनं चढत होती.

पृथ्वीवरून विचारणा आली. "उत्पन्न घटलेलं दिसतंय. कीड लागली का? कीटकनाशक पाठवू?"

इरावतीबाईंनी वाफ्यांवर नजर टाकली. माव्याला खाणारं इथे कुणीच नव्हतं; तो असाच वाढला, तर मुळाही उरणार नव्हता.

"कीटकनाशक नको," त्या म्हणाल्या. "मावा खाणारे ढालकिडे पाठवा. जिवंत. आणि मोजकेच. मावा संपता कामा नये."