पाहिलं एक, नाव दिलं दुसरं

बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या एका बेकरीत चीजची एकच गरम, पापुद्रेदार बनित्सा उरली होती, आणि तिच्यावर दोन हात पडले. झोर्नित्सानं आपला हात मुळीच मागं घेतला नाही. समोरच्या मुलानं हसून बनित्सा मोडली, मोठा तुकडा तिला दिला... आणि थोड्या वेळानं तोच तिच्या ऑफिसात, तिच्याच शेजारच्या खुर्चीत! यावोर. नवा प्रोग्रॅमर.

मार्चच्या पहिल्या दिवशी त्यानं तिच्या मनगटावर लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा बांधली, तेव्हा सगळं ऑफिस मुद्दाम खाकरलं. पहिला करकोचा दिसला की हा दोरा सोडून झाडाला बांधतात. करकोचे कधीच येऊन घरट्यांत बसले, तरी दोरा तिच्या हातावरच होता.

आज वार्नाच्या एका कंपनीचा यावोरला फोन येणार होता. नवी नोकरी धरून त्या दूरच्या शहरात जायचं की इथंच राहायचं, ते त्याला सांगायचं होतं. झोर्नित्साचं सकाळपासून कामात लक्षच नव्हतं. त्यात तिचा पार्सलांचा प्रोग्रॅम धाडकन बंद पडला.

"बघू, सरक." तो जवळ आला. "पार्सल काचेचं आहे का विचारलंस. 'हो' आलं. आणि खालच्या ओळीत त्याला पुस्तक म्हणून हातात घेतलंस! कसं चालेल, बाई?"

"वरून कॉपी केलं... बदलायचं राहिलं."

"म्हणून दोन ओळी ठेवूच नयेत. विचारायचं आणि नाव द्यायचं, एका दमात. 'काच असेल, तर ही काच.' झालं!"

प्रोग्रॅम सुरळीत धावला. तिनं टाळीच वाजवली. "इतकं सोपं? आणि मी उगाच—"

"उगाचच करतेस तू. माझ्याही बाबतीत." तो तिच्या मनगटाकडं बघत होता. "रोज मोठा तुकडा कुणाला मिळतो, तुला ठाऊक आहे. दोरा का सुटत नाही, तेही ठाऊक आहे. आणि काल सगळ्यांना काय सांगितलंस? 'यावोर ना? मित्र आहे!'"

तिचे कान तापले. "मग... काय सांगायचं होतं?"

"जे पाहिलंस ते."

फोन वाजला. वार्ना.

"घेऊ?" त्यानं हळूच विचारलं.

आता कचरले तर हा गेलाच, हे तिला कळलं. ती ताडकन उभी राहिली.

"तुला मी आवडत असेन, तर तू माझा! आणि जो माझा आहे, तो वार्नाला जात नाही!"

सगळं ऑफिस थबकलं. यावोरनं तिच्यावरची नजर न काढता फोन कानाला लावला.

"माफ करा... मी इथंच राहतोय."

दुपारी दोघांनी मिळून दोरा बेकरीसमोरच्या फुललेल्या झाडाला बांधला. मग तिनं बनित्सा मोडली आणि मोठा तुकडा त्याला दिला.