सात नंबरचा पंप

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या त्या मुलीला आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी कागद कारखान्याच्या पंपघरात पाठवलं, तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. मैत्रिणींना एसी ऑफिसं मिळाली होती. हिच्या वाट्याला बारा पंप, ओली फरशी, ग्रीसचा वास आणि एक म्हातारा फिटर.

फिटरच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे, म्हणून सगळे त्यांना रेडिओकाका म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात हातभर लांब पोलादी सळई दिली.

"एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानामागच्या हाडावर. गणितं नंतर कर. आधी ऐक."

आठवड्याभरात तिचा कान तयार झाला. चांगलं बेअरिंग एका सुरात गुणगुणतं, कोरडं पडलेलं किरकिरतं, झिजलेलं वाळू चावल्यासारखं वाजतं. कॉलेजला द्यायच्या अहवालासाठी तिने सात नंबरचा पंप निवडला. दिवसातून तीनदा ऐकायचं, तापमान घ्यायचं, वहीत लिहायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या गुणगुणीखालून तिला कुणा बाईचं बोलणं ऐकू आलं. शब्द लागत नव्हते. ऑफिसातला आवाज पाइपातून येत असेल, असं तिने धरलं आणि जेवणाच्या सुट्टीत पाइपाच्या कडेकडेने चालत गेली. पाइप ऑफिसकडे जातच नव्हता. तो सरळ तलावात उतरत होता.

चौथ्या आठवड्यात शब्द लागले. "काका, हात काढा!" तेवढंच. मग पुन्हा गुणगुण. शेजारच्या सहा नंबरवर असलं काही नव्हतं.

तिने काकांनाही ऐकायला लावलं.

"ठणठणीत आहे की," ते म्हणाले. "रात्री झोपत जा जरा."

तिने तरीही ती नोंद अहवालात केली. सुपरवायझर मॅडमनी पान वाचून चष्मा काढला.

"हे मोजता येतं?"

"नाही, मॅडम."

"मग खोड. उद्या नोकरीच्या मुलाखतीत हाच अहवाल पुढे ठेवणार आहेस ना?"

तिने खोडलं. डोक्यातला भुंगा मात्र जाईना.

सहाव्या आठवड्यात सात नंबर तपासणीसाठी बंद केला. मुख्य स्विचला कुलूप लावायचं राहून गेलं. काकांनी शाफ्टवरची जाळी काढली आणि गप्पा मारत मारत फडक्याने शाफ्ट पुसायला घेतला. ती टॉर्च धरून उभी होती. भिंतीवरच्या पॅनेलचा लाल दिवा विझला आणि हिरवा लागला.

"काका, हात काढा!"

ती ओरडली तसा काकांनी हात मागे ओढला. फडकं शाफ्टने खेचून नेलं, त्याच्या चिंध्या उडाल्या.

कंट्रोल रूममधल्या माणसाने सहाऐवजी सातचं बटण दाबलं होतं. तो धावत येऊन माफी मागत राहिला. काका फरशीवर बसून म्हणाले, "दहाच्या दहा आहेत रे, मोजून घे."

ती भिंतीला टेकली होती. आपला आवाज बाहेरून ऐकला की आपल्यालाच ओळखू येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. आता पंपातला तो आवाज ओळखू आला होता.

माणूस गेल्यावर तिने काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. जाळी बसवून त्यांनी पंप चालू केला, सळई टेकवली आणि बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"काय ऐकू येतंय?"

"माझा आवाज."

"काय म्हणतोय तो आवाज?"

काकांनी सळई पुसून ठेवली.

मग तिने ऐकलं. नुसती गुणगुण होती.

दुसऱ्या दिवसापासून काका बोलेनासे झाले. घसा बसला असेल, असं सगळ्यांना वाटलं. ते खुणा करत, खडूने फरशीवर लिहीत. ती लांब असली तर हाक न मारता पाइपावर पाना ठोकत.

शेवटच्या दिवशी त्यांनी तिचा मूल्यमापनाचा फॉर्म भरला, घडी घालून तिच्या हातात ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला.

आवार ओलांडताना तिने तो उघडला. सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी गुण होते. 'विद्यार्थिनीस सूचना' या रकान्यात काकांनी एकच ओळ लिहिली होती.

'माझी हाक ऐकू आली, तर मागे वळू नकोस.'

मागे पंपघराचं दार उघडलं.

फाटक अजून शंभर पावलांवर होतं.