दहापैकी दहा

रुपालीचं पत्र येऊन महिना होत आला, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. मी फोन उचलत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिनं लिहिलं होतं. प्रश्न एकच होता, आणि तो निवृत्त बालरोगतज्ज्ञाला विचारावा असा नव्हता.

तीन वर्षांपूर्वी शुक्रवार पेठेतल्या एका प्रसूतिगृहात भर दुपारी तिचा मुलगा जन्मला. माझ्या हातात आला तेव्हा निळसर, सैल होता. बाळ जन्मलं की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला आम्ही गुण देतो: रंग, ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावर तोंड वाकडं करतं का. सगळे मिळून दहा. पहिल्या मिनिटाला मी एकच दिला, मंद ठोक्यांचा. मग मास्क लावून, फुगा दाबून श्वास देऊ लागलो.

रुपालीची सासू दगडाबाई कोपऱ्यात पितळी ताट बडवू लागली. सांगोल्याकडचं मेंढरं राखणारं घर. बाळ रडलं नाही, की घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं हाका मारायच्या, अशी त्यांच्यात रीत.

“म्हातारे, ताट ठेव की खाली!” आया केराबाई खेकसली. “डॉक्टरांना ठोके ऐकू येईनात.”

“त्यांनी ठोकं ऐकावं. मी बोलावती. मायाप्पा! कस्तुराबाई! बिरुदेवा!”

बाळ हललं नाही. नावं संपली. म्हातारीचा धीर सुटला आणि ती लेकासाठी ओरडली, “आरं सिदू, कुटं हाईस रं? ये की!”

बाळ रडलं.

पाचव्या मिनिटाला दहापैकी दहा. इतके मी सहसा देत नाही. तळवे तरी थोडा वेळ निळे राहतातच. याचे गुलाबी होते. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“जित्त्या माणसाचं नाव घेतलं म्या,” दगडाबाई पुटपुटली. ताट तिच्या हातात तसंच होतं.

संध्याकाळी सिदू चिंचोळी एमआयडीसीतल्या कामावरून आला. धडधाकट. दारातच उभा राहिला. मी त्याचा हात धरला. गार. नखं निळसर. हळूच चिमटा काढला. चेहरा हलला नाही. नाडी लागली, मंद.

मनात गुण मोजले जात होते. तो उभा होता, म्हणून मी मोजणं सोडून दिलं.

“सिदू,” आईनं हाक मारली.

त्यानं पाहिलं नाही. पाळण्यातलं बाळ रडायचं थांबलं.

रुपालीनं लिहिलं होतं: ‘हे कामाला जातात, जेवतात. पण यांच्या नावानं हाक मारली की पोरगं ओ देतं. आता दुसऱ्या वेळेचा आठवा लागलाय. हे बाळ रडलं नाही, तर आत्याबाईंना माझं नाव घ्यायला सांगू का?’

धीर देणारी, शास्त्राची बरीच वाक्यं लिहिली आणि फाडली. ती मलाच पटेनात. शेवटी लिहिलं: ‘नको. तुझं नाव कुणाला घेऊ देऊ नकोस. वेळ आलीच तर माझं घ्या.’ खाली वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं.

आज पोस्टात रजिस्टर करायला पाकीट दिलं. खिडकीतल्या मुलीनं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मग काचेवर टकटक केली.

“काका, पावती घ्या की! महिपती तुम्हीच ना? किती हाका मारायच्या?”

माझे कान चांगले आहेत. पाकीट पोत्यात पडल्याचा आवाज मला स्पष्ट आला होता.